बिऱ्हाडापासून जागेपर्यंत : मुंबईच्या जुन्या वस्तीतील स्वस्त भाड्याचा इतिहास

१

शहरातील एखाद्या जुन्या वस्तीत भाडे कमी का असते, या प्रश्नाचे उत्तर बहुधा घरांच्या जुनेपणात शोधले जाते. घर जुने झाले, भिंतींना ओल आली, जिने झिजले, म्हणून भाडे उतरले, असा सर्वसाधारण समज आहे. मुंबईच्या गिरगाव, परळ, लालबाग, नायगाव व वरळी या वस्त्यांना हा नियम लावून पाहिला तर तो टिकत नाही. या वस्त्यांतील भाडे कधी फारसे उतरले, असे म्हणता येत नाही. ते एका विशिष्ट काळी गोठले आणि पुढे वेतने, धान्याचे भाव व जमिनीच्या किमती वाढत गेल्यामुळे स्वस्त भासू लागले. ते का गोठले आणि त्या स्वस्ताईची किंमत कोणी भरली, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

या विषयाची साधने दोन प्रकारची आहेत. एक, कायदे व सरकारी व्यवहार. दुसरे, त्या वस्तीतील लोकांच्या तोंडचे शब्द. इतिहासकाराने पहिल्यावर भर द्यावा आणि दुसरे भाषाशास्त्रज्ञाकडे सोपवावे, अशी वाटणी आपल्याकडे रूढ आहे. परंतु येथे ती सोयीची नाही. ज्या व्यवहाराला कायद्याने अर्धशतकाहून अधिक काळ गुन्हा ठरविले होते, त्याची नोंद कागदावर सापडणार नाही हे उघड आहे. ती भाषेत मात्र सापडते. म्हणून 'बिऱ्हाड', 'जागा' व 'पागडी' या तीन शब्दांच्या आधाराने हा इतिहास मांडण्याचे योजिले आहे.

२

प्रथम भूगोल पाहू. आज ज्या वस्त्या मुंबईच्या मध्यभागी आहेत, त्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शहराच्या कडेला किंवा बाहेर होत्या. जुन्या मुंबईकरांच्या बोलीत 'कोटात जाणे' म्हणजे फोर्ट भागात जाणे. किल्ल्याचा तट १८६० च्या दशकात पाडण्यात आला, तरी हा प्रयोग पुढे कित्येक पिढ्या टिकला. कोट हे शहर, आणि त्याबाहेरची ती गावे व वाड्या, असा भेद त्यात साठविलेला आहे. गिरगाव, माझगाव, नायगाव या नावांतील उत्तरपद या भेदाची साक्ष देते. गिरगावातील फणसवाडी, कांदेवाडी, आंबेवाडी ही नावेही घरांवरून पडलेली नाहीत. कोकणी किनाऱ्यावर 'वाडी' म्हणजे नारळी-पोफळीची किंवा फळझाडांची बाग. बागेत घरे झाली आणि बागेचे नाव घरांच्या समूहाला मिळाले.

या बागांचे व भातखाचरांचे रूप पालटले ते गिरण्यांमुळे. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेली कापडगिरणी १८५६ मध्ये ताडदेव येथे सुरू झाली आणि पुढील अर्धशतकात परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा पट्टा गिरण्यांनी व्यापला. या पट्ट्याला लोकांनी दिलेले 'गिरणगाव' हे नाव विचार करण्याजोगे आहे. जगातील एका मोठ्या औद्योगिक शहराचा हा गाभा. परंतु तेथे राहणाऱ्यांनी त्याला 'नगर' किंवा 'पुर' हे उत्तरपद लावले नाही, 'गाव' हेच लावले. जे गाव सोडून आले त्यांनी नव्या वस्तीलाही गावाच्याच कोटीत बसविले.

३

गिरण्यांत कामाला येणाऱ्यांसाठी जी घरे उभी राहिली त्यांना 'चाळ' हा शब्द रूढ झाला. पायात बांधावयाच्या घुंगरांच्या माळेलाही चाळच म्हणतात आणि त्यावरून या शब्दाची काव्यमय व्युत्पत्ती सांगण्याचा मोह पुष्कळांना होतो. उच्चारसाम्यावरून व्युत्पत्ती सिद्ध होत नाही, हे विद्यार्थ्यांना सांगण्याची आवश्यकता नाही. 'चाळ' या शब्दाचा अर्थ समजण्यास नाशिककडील शेतकऱ्याची कांदाचाळ अधिक उपयोगी पडेल. लांब, अरुंद, एका ओळीत कप्पे पाडलेली आणि वारा खेळता राहील अशी ती साठवणीची जागा असते. माणसांची चाळही हीच रचना दाखविते : एका ओळीत खोल्या, त्यांच्यापुढे सामाईक गॅलरी, टोकाला सामाईक नळ व संडास.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्भवला आणि दाट वस्तीचा प्रश्न सरकारपुढे प्रथमच तातडीने उभा राहिला. १८९८ च्या कायद्याने मुंबई सुधार न्यास, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, अस्तित्वात आला. दाट मोहल्ले पाडून रुंद रस्ते काढणे आणि श्रमिकांसाठी घरे बांधणे अशी दोन्ही कामे त्याच्याकडे होती. पहिल्या दशकात पाडण्याचे काम बांधण्याच्या कामाच्या पुढे गेले आणि विस्थापितांनी शेजारच्या चाळींत दाटी केली. तथापि ट्रस्टने बांधलेल्या चाळी आजही 'बीआयटी चाळ' या नावाने ओळखल्या जातात. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे दोन खोल्यांचे बिऱ्हाड १९१२ पासून दोन दशकांहून अधिक काळ होते.

दुसरा मोठा प्रयत्न १९२० मध्ये गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दीत झाला. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट या नव्या खात्याने ५०,००० खोल्या बांधण्याचे योजिले होते. खर्चाची तूट भरून काढण्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसविण्यात आला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी या चार ठिकाणी २०७ चाळी उभ्या राहिल्या. तळमजला व वर तीन मजले, प्रत्येक चाळीत ८० खोल्या, प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची, असे त्यांचे स्वरूप. खाते लयाला गेले. त्याची आद्याक्षरे 'बीडीडी' हे स्थळनाम होऊन राहिली.

या ठिकाणी आपल्या मूळ प्रश्नाला महत्त्वाची दिशा मिळते. आज स्वस्त निवासाचे उदाहरण म्हणून ज्या चाळी दाखविल्या जातात, त्या नव्या असताना कामगाराला स्वस्त वाटत नव्हत्या. १९२० च्या दशकात बीडीडी चाळींतील पुष्कळ खोल्या रिकाम्या पडून होत्या. भाडे मजुरीच्या मानाने जड, काही चाळी गिरण्यांपासून दूर आणि काँक्रीटच्या खोल्या गैरसोयीच्या, अशी तक्रार होती. १९३० मध्ये सविनय कायदेभंगाच्या चळवळीत वरळीच्या चाळींचा उपयोग तात्पुरता तुरुंग म्हणून करण्यात आला, इतक्या त्या रिकाम्या होत्या. तेव्हा स्वस्तपणा हा या खोल्यांचा जन्मजात गुण नव्हे. तो त्यांना पुढे प्राप्त झाला.

४

या खोल्यांत जे प्रथम राहिले त्यांचा शब्द 'बिऱ्हाड' हा होता. या शब्दाच्या अर्थात घर आणि सामान ही दोन्ही मिसळलेली आहेत. बिऱ्हाड 'करतात', 'थाटतात', 'हलवितात', 'मोडतात'. घर मात्र 'बांधतात'. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, या म्हणीत हा अर्थ पूर्णपणे प्रकट झाला आहे. बिऱ्हाडकरूला दुसरीकडे घर आहे, हे गृहीत धरूनच हा शब्द वापरला जातो.

रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतून आलेल्या गिरणीकामगाराच्या स्थितीचे हे यथार्थ वर्णन आहे. कोकणात त्याला 'चाकरमानी' म्हणत. त्याचे घर गावी, बायकामुले बहुधा गावी, आणि मुंबईत त्याचे फक्त बिऱ्हाड. एकेका खोलीत एका गावचे दहा-पंधरा पुरुष पाळीपाळीने झोपत. रात्रपाळीचा माणूस कामावर गेला की त्याच्या पथारीवर दिवसपाळीचा माणूस झोपे. गावकऱ्यांनी सामाईक घेतलेल्या अशा खोलीला 'गावाची खोली' असे म्हणत. याच शहरात धोबीतलाव व माझगाव भागांत गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती खलाशांनी व नोकरांनी आपापल्या गावाच्या नावे निवास चालविले. त्यांना ते 'कूड' म्हणत, आणि कोंकणीत 'कूड' म्हणजे खोली. दोन भिन्न धर्मांच्या समाजांनी एकाच अडचणीवर एकच उपाय योजावा आणि त्याला एकाच अर्थाचे नाव द्यावे, हे साम्य योगायोगाचे नाही. एका माणसाला न परवडणारी खोली गावाला परवडते, हे दोघांनीही ओळखले होते.

म्हणजे स्वस्ताईचा पहिला आधार दाटी हा होता. त्याला जोडून दुसरा आधार होता तो स्त्रियांच्या श्रमाचा. या एकट्या पुरुषांना जेवू घालणाऱ्या खानावळी चाळीतल्याच खोल्यांत चालत आणि त्या चालविणाऱ्या बहुतेक स्त्रियाच असत. खोलीचे भाडे या खानावळीच्या उत्पन्नातून निघे. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अशा स्त्रियांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, त्यापूर्वी दोन-तीन पिढ्या हे काम चालू होते. परंतु ज्या पावतीवर भाड्याची रक्कम लिहिली जाई तिच्यावर सामान्यतः पुरुषाचे नाव असे.

५

'बिऱ्हाड' या शब्दाची जागा 'जागा' या शब्दाने केव्हा घेतली, याचे उत्तर भाडेनियंत्रणाच्या इतिहासात आहे. पहिल्या महायुद्धातील टंचाईमुळे १९१८ मध्ये मुंबईत भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी, १९३९ मध्ये, पुन्हा निर्बंध आले, १९४४ मध्ये ते विस्तारले आणि १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने ते दृढ झाले. या कायद्याने 'प्रमाण भाडे' ठरविताना १ सप्टेंबर १९४० या दिवशीचे भाडे आधार मानले. युद्धकाळातील तात्पुरती उपाययोजना म्हणून आरंभलेली ही व्यवस्था मुदतवाढीमागून मुदतवाढ मिळत शतकाच्या अखेरीपर्यंत टिकली. सरकारी मालकीच्या चाळींना हा कायदा लागू नव्हता; तेथील भाडे सरकारनेच आपल्या धोरणाने कमी ठेवले. परिणाम सारखाच झाला.

याच कायद्यातील दुसरी तरतूद भाड्याइतकीच परिणामकारक ठरली. भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्याबरोबर राहणारा कुटुंबीय हा भाडेकरू मानला जाई. येथे वारसाचे प्रमाण रक्तसंबंध एवढेच नाही. प्रत्यक्ष सहवासही हवा. त्यामुळे जो मुलगा खोलीत राहिला त्याला खोली मिळाली, आणि जो डोंबिवलीला किंवा विरारला गेला त्याचा हक्क संपला. दहा बाय बाराच्या खोलीत तीन भावांचे संसार का नांदत राहिले, याचे एक कारण या कलमात आहे. प्रस्तुत लेखकाच्या लहानपणी शेजारच्या एका खोलीची भाडेपावती आजोबांच्या नावाने येत असे. आजोबांना जाऊन त्या वेळी वीस वर्षे झाली होती. 'पावतीवर नाव लावून घे' हा आग्रह आणि त्यावरून झालेले अबोले, हा अनेक कुटुंबांच्या अनुभवाचा भाग आहे.

या काळात रहिवाशाच्या तोंडी 'आमची जागा' हा प्रयोग स्थिर झालेला दिसतो. 'भाडे' हा शब्द संस्कृत 'भाटक' पासून आलेला, 'मालक' हा अरबी, 'जागा' हा फारसी. कायद्याने मालक व भाडेकरू असे दोनच पक्ष मानले. 'जागा' या शब्दाने तिसरा संबंध सूचित केला : जो मालकीहून उणा, परंतु बिऱ्हाडाहून पुष्कळ अधिक आहे. बिऱ्हाड हलविता येते. जागा 'सोडावी' लागते, आणि सोडणाऱ्याला तिचा मोबदला अपेक्षित असतो. क्रियापदातील हा पालट सामाजिक पालटाचे चिन्ह आहे.

येथे गावाकडील समकालीन घडामोडीशी तुलना उद्‌बोधक ठरेल. १९४८ च्या कूळकायद्याने आणि त्यातील पुढील दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ या कृषिदिनापासून कसणाऱ्या कुळाला जमिनीची मालकी मिळण्याचा मार्ग खुला झाला. एकाच विधिमंडळाने एकाच दशकात शेतातील कूळ आणि शहरातील भाडेकरू या दोघांना संरक्षण दिले. पण कुळाचे नाव सातबाऱ्यावर मालक म्हणून लागले, भाडेकरूचे नाव पावतीवरच राहिले. पुष्कळ गिरणीकामगारांची कुटुंबे या दोन्ही कायद्यांच्या छायेत एकाच वेळी जगत होती. शहरात 'नाव लावणे' हा वाक्प्रयोग जमिनीच्या व्यवहारातूनच आला असावा, असे या संदर्भात वाटते.

६

स्वस्ताईची किंमत कोणी भरली, या प्रश्नाचे उत्तर 'पागडी' या शब्दात आहे. भाडे गोठले, तरी जागेची खरी किंमत वाढतच होती. ही वाढ जागा हातबदल होताना एकरकमी वसूल होऊ लागली. नवा भाडेकरू ही रक्कम देई. तिचा एक हिस्सा जुन्या भाडेकरूला व एक मालकाला मिळे. १९४७ च्या कायद्याच्या कलम १८ ने मालकाला अशी रक्कम घेण्यास मनाई केली होती. म्हणून तिची पावती नसे.

मराठीत शिरोवस्त्राला 'पगडी' म्हणतात. या रकमेला मुंबईत 'पागडी' हे दीर्घ स्वराचे रूप बहुशः ऐकू येते. ते गुजराती 'पाघडी' या रूपाच्या अधिक जवळचे आहे. गुजराती व्यापारी परिभाषेत 'पाघडी' म्हणजे दुकानाची पत, त्याच्या नावलौकिकाचे मूल्य. दुकानाचा गाळा हातबदल होताना या पतीचे जे मोल दिले जाई, तेच नाव पुढे राहत्या खोलीच्या रकमेलाही लागले असे मानणे सयुक्तिक वाटते. मुंबईतील स्थावराच्या व्यवहारात गुजराती भाषकांचा वाटा किती मोठा होता, याचे हे भाषिक प्रमाण आहे.

परिणाम काय झाला तो पाहावा. आत असलेल्याला घर स्वस्त झाले, बाहेरून येणाऱ्याला ते पूर्वीपेक्षा महाग झाले. १९१० मध्ये गावाहून आलेला तरुण गावाच्या खोलीत पथारी टाकू शके. १९६० मध्ये आलेल्याला पागडी भरल्याविना स्वतःची खोली मिळणे दुरापास्त होते. तो पोटभाडेकरू झाला किंवा झोपडीत गेला. 'पोटभाडेकरू' हा शब्द 'पोटकूळ' या शेतीतील शब्दाच्या धर्तीवर घडलेला आहे, आणि तो ज्याला लागतो त्याला बहुधा कायद्याचे संरक्षण नसते. दुसरी किंमत इमारतीने भरली. १९४० च्या भाड्यात दुरुस्ती होत नाही, असे म्हणून मालकाने हात आखडला. भाडेकरूने ती मालकाची जबाबदारी मानली. पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्या, तेव्हा १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा करून सुमारे १९,६०० इमारतींवर उपकर बसविण्यात आला. १९४० पूर्वीच्या इमारतींची संख्या त्यात सर्वांत मोठी होती. 'उपकरप्राप्त इमारत' हा सरकारी शब्द तेव्हापासूनचा.

७

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणीसंपानंतर या वस्तीचा आर्थिक पाया ढासळला. गिरण्यांच्या जमिनी विकासाला मोकळ्या करणारा नियम १९९१ मध्ये आला आणि २००१ मधील दुरुस्तीने तो जमीनमालकांना अधिक अनुकूल झाला. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रमाण भाड्याच्या जुन्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचा निर्णय दिला. त्यानंतरच्या १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने, जो ३१ मार्च २००० पासून अमलात आला, वर्षाला ४ टक्के भाडेवाढीस मुभा दिली आणि पागडीचा व्यवहार वैध केला. जे बोलीभाषेत आधीच मान्य होते, त्याला कायद्याने अर्धशतकानंतर मान्यता दिली.

आज या वस्तीत पुनर्विकासाचा काळ आहे. वरळीच्या बीडीडी चाळींतील पहिल्या काही शेकडा कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या सदनिकांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० फुटांत तीन पिढ्या काढलेल्या कुटुंबाच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे, आणि चाळीच्या आठवणींत रमणाऱ्या आम्हां मध्यमवर्गीयांनी तिला नाक मुरडणे शोभणारे नाही. परंतु या व्यवहाराचा शब्दसंग्रह पाहिला म्हणजे एक गोष्ट चिंता उत्पन्न करते. रहिवासी येथे 'पात्र' किंवा 'अपात्र' ठरतो. पात्रतेचा पुरावा म्हणजे कागद. ज्या वस्तीच्या इतिहासात सामाईक खोली, पोटभाडेकरू, पावतीविना पागडी आणि स्वतःच्या नावावर कधीच पावती नसलेली स्त्री ही सारी नित्याची होती, तेथे कागद हेच एक प्रमाण मानले तर जे वगळले जातील ते कोण, हे सांगावयास नको. ज्यांची इमारत धोकादायक म्हणून रिकामी केली जाते, त्यांना 'संक्रमण शिबिरा'त हलविले जाते. काहींची उभी पिढी तेथेच सरली आहे. 'जागा' म्हणण्याइतका अधिकार ज्यांनी मिळविला होता, ते पुन्हा बिऱ्हाडकरू झाले आहेत.

स्वस्त भाडे हे या वस्तीला कोणी दिलेले दान नव्हते आणि तिने केलेली लूटही नव्हती. दाटीने राहून, खानावळी चालवून, पडक्या जिन्यांचा धोका पत्करून आणि मागून येणाऱ्याला दारातच थांबवून ते टिकविले गेले. यांपैकी पहिल्या तिन्ही गोष्टींचा उल्लेख आपण अभिमानाने करतो. चौथीचाही केला पाहिजे. या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना यातून एक काम सुचवावेसे वाटते. ज्या चाळी अद्याप उभ्या आहेत त्यांतील जुन्या भाडेपावत्यांची प्रतिलिपी घ्यावी, आणि प्रत्येक पावतीबरोबर त्या खोलीत त्या वर्षी प्रत्यक्ष कोण राहत होते याची तोंडी माहिती, सांगणाऱ्याच्याच शब्दांत, उतरून ठेवावी. पावतीवरील एक नाव आणि खोलीतील दहा माणसे यांच्यामधील अंतर मोजणे, हाच या वस्तीच्या इतिहासाचा विषय आहे. आणि ही माहिती सांगू शकणारी माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत.